शेपटीवाल्या फायली

लेकीने फाइल सेव्ह करून बंद केली आणि मग काय झालं ते तिच्या लक्षात आलं. नाटकाचा शेवटचा प्रवेश तालमीच्या मंडळींना पाठवायचा, म्हणून तिने तो निवडला होता. भलतंच बटण दाबलं गेलं आणि प्रवेश पुसला गेला. बाबांनी दवाखान्यात जाण्याआधी लिहिलेलं हे शेवटचं. ते परत आलेच नाहीत, आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मग तिला शेपट्या आठवल्या. बाबांचा एडिटर, म्हणजे ते ज्यात लिहायचे तो प्रोग्राम, सेव्ह करताना आधीची प्रत आपणहून बाजूला ठेवायचा आणि तिच्या नावाला एक नागमोडी रेघ जोडायचा. बाबा तिला शेपटी म्हणत. तिने फोल्डर धुंडाळलं. शेपटी एकही नव्हती.

"आई, इथल्या शेपटीवाल्या फायली कुठे गेल्या?"

आई हात पुसत दारात आली. असला पसारा ती नेमाने झाडून काढायची, त्यावरून दोघांचं वाजायचंही. मग म्हणे त्या आपोआप यायच्या थांबल्या.

आपोआप? लेकीने एडिटरची सेटिंग्ज उघडली. शेपटीच्या जागी बाबांनी एक शब्द घालून ठेवला होता: राणीसरकार. आईला चिडवायचं घरातलं नाव. तिने पुन्हा फोल्डर पाहिलं. तळाशी राणीसरकारांची रांगच लागली होती, प्रत्येकीपुढे चढता आकडा.

"या तुला दिसल्या नाहीत?"

"दिसायच्या की." आईने टॉवेलची घडी घातली, मोडली. "वाटलं, माझ्यावर काहीतरी कुचकट लिहिलंय. उघडलं असतं तर भांडावं लागलं असतं."

"मग पुसल्या का नाहीस?"

"चांगलं असलं तर?"

लेक हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आई आधी फुरंगटली, मग तिलाही आवरेना. सगळ्यात वरच्या आकड्याच्या फायलीत प्रवेश जसाच्या तसा होता. भांडकुदळ घरमालकिणीची वाक्यं आईने थेट बाबांच्या सुरात वाचली आणि मध्येच थबकली. ती घरमालकीण कोण, ते तिला कळलं होतं.

एका वाक्यात स्वल्पविराम राहिला होता. लेकीने प्रवेश मूळ फायलीत परत ठेवला, स्वल्पविराम घातला, सेव्ह केलं. यादीत गुपचूप आणखी एक राणीसरकार उमटली.

"यांचं चिडवणं काही सुटलं नाही," आई म्हणाली. तिने खुर्ची ओढली आणि लेकीशेजारी ऐसपैस बसली.

"अजून एखादी चूक सापडते का, बघ."