मुठीचा रकाना

हेमराजचे दुकान व्याकरणाने वाचेल, असे प्रेमदास सरांना वाटले, यात नवल नव्हते. छत्तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला जगातली बहुतेक लबाडी शुद्धलेखनाच्या चुकीसारखी दिसते. दाखवून दिली की सुधारेल.

२००६ ची दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. वर्ध्यात नवे सुपरमार्केट उघडले होते. एक मजला, चार रांगा आणि दारात गार वारा फेकणारे यंत्र, एवढ्या ऐवजावर अख्खी नालवाडी त्याला 'मॉल' म्हणत होती, आणि नालवाडीतल्या हेमराजच्या किराणा दुकानात भर दुपारी काटा स्थिर उभा होता.

"दिवाळीपर्यंत पाह्यतो, सर," हेमराज म्हणाला. "नाई तं गाळा मोबाईलवाल्याले देऊन टाकतो. तो आतापासूनच भिंती मोजून राह्यला."

सर त्याचे पंचवीस वर्षांचे गिऱ्हाईक. हेमराजच्या तोंडी 'पर्यंत' शब्दाला जोडून आणि पूर्ण आवाजात आले, हे त्यांच्या कानाने टिपले. कारण त्याच सकाळी ते मॉलची पाटी वाचून आले होते. पाटीवर '५०%' म्हशीएवढे, 'सूट' तिच्या वगारीएवढी, आणि दोघींच्या मध्ये 'पर्यंत' गोचिडाएवढे. शब्दयोगी अव्यय जोडून लिहावे, हे सातवीत शिकवतात. पण तिथे 'टक्के' लिहिले असते, तर त्या शब्दाला वाकून 'टक्क्यां' व्हावे लागले असते, आणि वाकलेला शब्द पुढच्याची वाट पाहतो आहे, हे वाचणाऱ्याला कळले असते. चिन्ह वाकत नाही. ज्याने चिन्ह निवडले तो व्याकरणात कच्चा नव्हता. चांगलाच पक्का होता. सरांचा संताप नेमका त्यावरच होता.

तीन सकाळी ते वही घेऊन त्या चार रांगांतून हिंडले. चाळीस रुपये खोडून तीस लिहिलेले तूरडाळीचे पाकीट नऊशे ग्रॅमचे निघाले. म्हणजे किलोला तेहतीस रुपये तेहतीस पैसे. हेमराजकडे तीच डाळ बत्तीस. 'तीनच्या किमतीत चार' असलेला साबण शंभर ग्रॅमचा पंच्याहत्तर झाला होता. चौथी वडी पहिल्या तिघींच्याच अंगातून काढलेली. पुरते पन्नास टक्के एकाच वस्तूवर उतरले होते, उदबत्तीच्या प्लास्टिकच्या घरावर.

घरी त्यांनी वहीत तक्ता आखला. तांदूळ निवडता निवडता त्यांच्या पत्नी तानाबाईंनी मान उंचावून पाहिले.

"मुठीचा रकाना कुठी हाये याच्यात?"

"कोणती मूठ?"

"काटा बरोबर झाल्यावर हेमराज वरून मूठभर टाकते, ते. पंचवीस वर्षं खाऊन राह्यले, अन् इचारता कोणती."

"मूठ हे प्रमाणित माप नाही."

"मंग राहू द्या. तुमचा तक्ता तं प्रमाणित हाये."

तक्त्याची मोठी नक्कल हेमराजच्या दुकानावर लागली. तेवीस वस्तू; पैकी सतरा हेमराजकडे स्वस्त. पहिल्या वाचक देवकाबाई. त्या बचत गटाच्या अध्यक्ष; त्या जिथे किराणा भरत तिथे वीस घरे भरत. त्यांनी बोट फिरवत तक्ता शेवटपर्यंत वाचला.

"म्हंजे सहा वस्तू मॉलात सस्त्या हायेत. बरं झालं सांगतलं, सर."

"सतरा इथे स्वस्त आहेत, देवकाबाई."

"सहासाठी तिथं जाईनच, तं सतरा तिथूनच आणीन ना. दोन दोन खेपा कोण करते?" मग त्या हेमराजकडे वळल्या. "अन् शेठ, तुमी सूट किती देता?"

"भावच कमी हाये, बाई."

"म्हंजे सूट नाई."

इतके बिनचूक अनुमान सरांच्या वर्गात छत्तीस वर्षांत कोणी मांडले नव्हते.

संध्याकाळी हेमराजने फळा पुढे केला. "आता तुमीच सूट लिहा, सर. तुमचं अक्षर चांगलं हाये." मागच्या दिवाळीचे रांगोळीचे छाप त्याच्याकडे पडून होते, ते त्याने खरोखर अर्ध्या किमतीला काढले. डाळीवर चाळीस लिहून खोडले आणि खाली बत्तीस लिहिले. ते खोडलेले चाळीस सरांनी न पाहिल्यासारखे केले. फळ्यावर मात्र त्यांनी सगळी अक्षरे एका उंचीची काढली: '५० टक्क्यांपर्यंत सूट'. अशी प्रामाणिक पाटी वर्ध्यात दुसरी नसावी, असा समाधानाचा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो बरोबरही होता.

लोकांनी पाटी पूर्ण वाचली. घात तिथेच झाला.

"हे पर्यंत काऊन लावलं?" देवकाबाईंनी विचारले.

"मॉलच्या पाटीवरही आहे ते," सर म्हणाले.

"आमाले तं नाई दिसलं. तिथं पुरे पन्नास हायेत. शेठ, तुमचा हात पहिल्यापासूनच आखडता."

त्या गेल्यावर हेमराजने ओले फडके घेतले. "सर, एवढा एक शब्द."

"तो वेगळा शब्द नाही. पुसला तर 'टक्क्यां' उरेल. त्याला काही अर्थ नाही."

"गिऱ्हाईकाले अर्थ थोडाच पाह्यजे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तं मोबाईलवाला याच भिंतीले चुना लावन." हेमराज रागावला नव्हता. तो विचारत होता.

सरांनी खडू खिशात ठेवला आणि दोन पावले बाजूला सरले. पुसणे आणि पुसू देणे यांत क्रियापद वेगळे असते, एवढा आधार त्यांनी स्वतःला दिला. कर्म तेच राहते, हे त्यांना ठाऊक होते.

फळ्यावर '५० टक्क्यां सूट' उरले. वाकलेला शब्द कोणाची तरी वाट पाहत तसाच वाकून उभा राहिला, आणि त्याच्यासमोर रांग लागली. देवकाबाई आल्या, मागोमाग वीस घरे आली. रांगोळीचे छाप तासाभरात संपले. फळा तसाच राहिला. मोबाईलवाल्याने भिंती मोजणे सोडले.

धनतेरसेच्या आदल्या दिवशी सर डाळ आणायला गेले. हेमराजने किलो घातला, काटा बरोबर झाला, डाळ पिशवीत पडली. सरांनी पिशवीचे तोंड क्षणभर तसेच उघडे धरले. पंचवीस वर्षांची सवय.

"झालं ना, सर," हेमराज म्हणाला. "मांगच्याले येऊ द्या."

घरी तानाबाईंनी डाळ डब्यात ओतली आणि डबा हलवून पाहिला. डाळ नेहमी डब्याला पडलेल्या पोच्यापर्यंत येई; आज त्याच्या खालीच थांबली.

"आज मूठ नाई वाटते."

"गर्दी होती."

"दुकान वाचलं ना?"

"वाचलं."

तानाबाईंनी झाकण लावले. सरांनी वही काढली, तक्त्याच्या तळाशी पट्टी धरून एक आडवा रकाना आखला आणि त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिले, 'मूठ'. मॉलखाली शून्य मांडले, हेमराजखाली शून्य मांडले. अख्ख्या तक्त्यात दोन्ही दुकाने पहिल्यांदाच सारखी आली.