घेतलं म्हणजे घेतलं!

मी एक जुने बटण आहे. लगेच सुईदोरा शोधायला उठू नका, मित्रांनो! सदऱ्याला असते त्यातले मी नव्हे. मी फोनच्या काचेवर असते. कोपरे गोल, रंग हिरवा, आणि अंगावर एकच शब्द: ‘घेतलं’. या एका शब्दापायी मला खाली मान घालावी लागली. मला मान नाही, तरी घालावी लागली, यावरून काय ते ओळखा.

माझा जन्म औषधांच्या एका मोठ्या दुकानावरच्या खोलीत झाला. खाली काउंटरवर गर्दी, वर चार टेबले, भिंतीला पांढरा फळा आणि जिन्यात रिकाम्या खोक्यांची रास. दुकानाच्या मालकीणबाईंनी घरपोच औषधे देणारे ॲप काढले होते. लोक औषधे मागवत होते, पण मालकीणबाईंना एक शंका छळत होती. माणसे औषध नेतात खरी, पण ते वेळेवर पोटात जाते का?

ॲपमध्ये काय मोजायचे, हे ठरवायला त्यांनी एक बाई नेमली होती. सगळे तिला मोजणीताई म्हणत. ती आली तेव्हा तिथे काय वाटेल ते मोजले जात होते. कोणी कुठले पान उघडले, बोट कुठे सरकले, कोण किती वेळ रेंगाळले. ते आकडे बघायला मात्र कोणाला सवड नव्हती.

“हे सगळं मोजून तुम्ही आजवर ठरवलंत काय?” ताईने पहिल्याच दिवशी विचारले.

प्रोग्राम लिहिणारा दादा चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, “ठरवलं काहीच नाही. पण मोजलंय भरपूर!”

सगळे हसले, ताईसुद्धा हसली. मग तिने फळा पुसला आणि त्यावर एकच प्रश्न लिहिला: ‘माणसं औषध वेळेवर घेतात का?’ ती म्हणाली, “आधी प्रश्न, मग आकडा. ज्या आकड्यानं आपण काही बदलणार नाही, तो मोजायचाच नाही.” त्या प्रश्नाखाली तिने एक चौकोन काढला, त्यात माझे नाव लिहिले, आणि मी जन्माला आले. इतक्या शहाण्या बाईच्या हातून आपण घडलो, याचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे, म्हणून तर पुढचे सांगताना जड जाते.

तो प्रश्न ताईच्या घरचाही होता. तिचे वडील दुसऱ्या गावी एकटे राहत. सारी हयात त्यांनी बेकरीत भट्टीपुढे काढलेली. आता रक्तदाबाची गोळी रोज सकाळी घ्यायची होती आणि बाबांना गोळीचा भारी कंटाळा. त्यामुळे ताई रोज निघायच्या घाईत, फोन खांद्याने कानाशी दाबून, केस विंचरता विंचरता विचारायची, “बाबा, औषध घेतलं का?”

“घेतो गं बाई, घेतो. ठेव फोन.”

“ठेवत नाही. माझ्यासमोर घ्या.”

मग बाबा कुरकुरत पाण्याचा पेला भरायचे. कधी दोघांची जुंपायची, ताईची बस चुकायची. असली धावपळ कोणाला हवी असते? तिला वाटले, या बटणाची एक हिरवी खूण रोज आपल्या फोनवर दिसली की सुटलो. तिने मला घडवले ते थोडेफार यासाठीही. मी तिला दोष देत नाही.

मग ताईने मोजणीचा आराखडा केला. त्यात रकाने होते: नोंदीचे नाव काय, ती कधी करायची, तिचा अर्थ काय, आणि ती बघून कोण काय ठरवणार. दादा एकेक रकाना भरत होता. माझ्यापाशी येऊन तो थांबला.

“ताई, ‘औषध घेतलं’ याचा अर्थ काय लिहू?”

ताई फळ्यापाशी घाईत होती. “घेतलं म्हणजे घेतलं! त्यात काय लिहायचंय? मराठी येतं ना आपल्याला?”

दादाने तो रकाना रिकामा सोडला. त्याला मराठी चांगलेच येत होते. त्याची आई त्याला दुकानात पाठवी आणि तो दारात पाऊल टाकताच विचारी, “औषध घेतलंस का?” म्हणजे विकत घेतलेस का, हातात आले का. तेव्हा त्याने मला कुठे बसवावे? पुडके दारात येते त्या पानावर! ताईच्या मनात मी सकाळच्या गोळीपाशी होते. दादाने मला उंबरठ्यावर उभे केले. ‘ध’चा ‘मा’ होतो तेव्हा निदान अक्षर तरी बदलते. इथे अक्षर तेच राहिले.

आणखी एक सोय दादाने केली. मला दाबले की घरच्या माणसांच्या फोनवर हिरवी खूण उमटे आणि पुडक्यातल्या गोळ्या पुरतील तोवर ती तशीच राही. दादाच्या लेखी त्या खुणेचा अर्थ, औषध घरात आहे. ताईच्या लेखी, औषध पोटात आहे. दोघे शेजारी शेजारी बसत, एकमेकांच्या डब्यातले खात, आणि दोघांनाही वाटे की आपण एकच बोलतो आहोत.

ॲप लोकांच्या हाती जाण्यापूर्वी ताईने मला तपासलेही. तिने मला दाबले, नोंद झाली, ती म्हणाली, “झकास.” नोंद होते का, एवढेच तिने पाहिले. कशाची होते, ते पाहायचे राहून गेले.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. भिंतीवरच्या पडद्यावर माझी हिरवी रेघ चढतच गेली. जवळजवळ सगळी माणसे औषध वेळेवर घेत होती म्हणे! मालकीणबाईंनी दुकानभर मिठाई वाटली आणि दुकानाबाहेर पाटी लावायला सांगितली: ‘आमची माणसं औषध चुकवत नाहीत.’ कोणीही आले की पडद्याकडे बोट दाखवून माझी ओळख करून देत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

मित्रांनो, आता लाज वाटते ते सांगते. मला बोटाखेरीज काही कळत नाही, असे म्हणून मी हात झटकू शकेन. पण बोटही पुष्कळ सांगते. मला दाबणारी माणसे दारात उभी असायची. एका हातात पुडके, घाईघाईने दुसऱ्या हाताचा अंगठा, आणि समोर पुडके घेऊन आलेला, पुढच्या घरी जायच्या घाईतला दुकानाचा थकलेला माणूस. पाण्याचा पेला मला कधी दिसलाच नाही. गोळी घेताना मला दाबतात, तर पेला कसा नाही, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण हरभऱ्याच्या झाडावर बसल्यावर खाली कोण बघतो?

बाबांच्या गोळ्याही ताईने याच ॲपवरून लावल्या होत्या आणि पुडके दारात आले की तेही मला दाबत. ताईच्या फोनवर बाबांच्या नावापुढे रोज सकाळी हिरवी खूण होती. ती बघायची, हसायची आणि बस पकडायची. सकाळचा फोन हळूहळू बंद झाला. रविवारी बोलणे व्हायचे, पण ते हवापाण्याचे आणि गुडघ्यांचे.

एका सकाळी बाबा स्वयंपाकघरात कोसळले. शेजारणीने त्यांना रुग्णालयात नेले. जीव वाचला, पण तोंड किंचित वाकडे झाले आणि उजवा हात लुळा पडला. ताई पोहोचली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “यांनी गोळ्या कधीपासून बंद केल्यात?”

“बंद? नाही हो. रोज घेतात.” ताईने फोन पुढे केला. त्यावर मी होते, हिरवेगार.

बाबा जड जिभेने म्हणाले, “घेतलं की औषध. एकदाही चुकवलं नाही. कपाटात बघ, नीट रचून ठेवलंय.”

ताईला आधी कळलेच नाही. मग ती हळूच म्हणाली, “बाबा, खाल्लं नाहीत?”

“तुझा फोन यायचा तेव्हा खायचो. मग फोनच थांबला.” बाबांनी दम घेतला. “म्हटलं, तूच डॉक्टरांना विचारलं असशील. आता गरज नसेल.”

ताईने फोन उलटा ठेवला. मी चादरीवर पालथे पडून होते. तिचे रडणे मला ऐकू येत होते, आणि मी तेव्हाही हिरवेच होते. मला दुसरा रंगच दिलेला नव्हता.

कामावर परतल्यावर तिने सगळ्यांना पडद्यापुढे बोलावले. “हा आकडा खोटा आहे. आपण पुडकी मोजली. गोळ्या नाही.”

मालकीणबाई खिडकीतून खालच्या नव्या पाटीकडे बघत राहिल्या. “लोकांना सांगून बसलोय आपण,” त्या म्हणाल्या.

“म्हणून तर आजच सांगायला हवं. माझ्या बाबांसारखे अजून किती असतील, ते मला माहीत नाही. या पडद्यालाही माहीत नाही.”

दादा मान खाली घालून म्हणाला, “रकाना मी रिकामा सोडला.”

“मी सोडायला लावला,” ताई म्हणाली.

पाटी त्याच दुपारी उतरली. प्रत्येक घरी फोन गेले. कपाटांतून रचलेली पुडकी निघाली, सगळीकडे नव्हेत, पण निघाली. आराखड्यात माझ्या जागी दोन नोंदी आल्या: ‘पुडकं हातात आलं’ आणि ‘गोळी खाल्ली’. अर्थाचे रकाने आता दादा भरतो आणि ताई आपल्या फोनवर प्रत्येक पायरी करून बघते. नवी रेघ माझ्यापेक्षा पुष्कळ खाली आहे. ती पाहून कोणी मिठाई वाटत नाही. पण कोणाला फोन करायचा, हे तिच्याकडे पाहून कळते.

मला करडा रंग दिला आणि मोडीत काढले. ज्यांनी ॲप बदलले नाही अशा काही जुन्या फोनांत मी अजून आहे. बाबांच्या फोनात आहे.

मित्रांनो, मला बघून निर्धास्त होऊ नका. ज्याची काळजी वाटते त्याला विचारा, आणि तो ‘घेतलं’ म्हणाला तर म्हणजे काय, हेही विचारा. ताई आता रोज सकाळी फोन करते. बाबा डाव्या हाताने तो उचलतात आणि टेबलावर ठेवतात, कारण त्याच हाताने पेला धरायचा असतो. ती पलीकडून गप्प राहते. घोट गिळल्याचा आवाज येईपर्यंत तिला कसलीच घाई नसते. फोन चालू असतो तोवर तिचे नाव साऱ्या काचेवर पसरते आणि मी त्याच्यामागे झाकले जाते. मला तिथेच राहू द्या.