खुशबूच्या मुठीतले खडे

आरमोरीजवळच्या आमच्या गावात लटारू महाराज उतरले, आणि त्यांच्या गर्दीनं माझ्या चहाच्या टपरीवरचं दूध दुपारीच संपू लागलं. म्हणून मी तोंड मिटून बसलो, हे आधीच कबूल करून टाकतो.

महाराजांचा खेळ असा. रोग्याच्या मुठीत वाटाण्याएवढे पांढुरके खडे द्यायचे आणि वर चमचाभर तीर्थ ओतायचं. खडे असे तापत की माणूस चटकन मूठ उघडे. मग महाराज डोळे मिटून सांगत, ही रोग बाहेर पडतानाची आग. वापरलेले खडे ते परत घेत आणि ‘तपाला’ म्हणून धुनीवरच्या तव्यात टाकत. ताजे खडे घट्ट झाकणाच्या डब्यातून निघत. देव फारच नाजूक, त्याला वारासुद्धा सोसत नव्हता!

गिरजाबाई नऊ वर्षांच्या नातीला, खुशबूला, घेऊन आली. पोरीला सिकलसेल, रक्ताचा जन्माचा आजार. हाडं दुखत म्हणून आजीनं नेहमीसारखे तिचे हात मोहाच्या बियांच्या तेलानं चोळले होते. महाराजांनी खडे दिले, मुठीत घोळवायला लावले, तीर्थ ओतलं. खडे थंडच.

“देवानं हिले नाकारलं,” महाराज म्हणाले. “दवाखान्याच्या गोळ्यांचा विटाळ हाये. बंद करा.”

बाईनं गोळ्या बंद केल्या. आठव्या दिवशी पोर दुखण्यानं तळमळायला लागली, तेव्हा मला माझ्याच धंद्याची लाज वाटली. मी गावच्याच हर्षाला फोन लावला. ती आरमोरीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आधी पोरीला दवाखान्यात ने, म्हणाली. मग खड्यांबद्दल खोदून खोदून विचारलं.

पोर सावरून घरी आली त्या रविवारी हर्षा कॉलेजातला डबा घेऊन थेट महाराजांपुढच्या गर्दीत शिरली. डब्यात तसेच खडे. खुशबूचे हात तिनं साबणानं धुवून घेतले, खडे दिले आणि माझ्या टपरीवरचं साधं पाणी ओतलं.

“आजी, गरम झाले!” खुशबू ओरडली.

मग हर्षानं दुसरे खडे तेलात घोळवून महाराजांच्याच हातावर ठेवले, पाणी ओतलं. थंड.

“महाराज, तुमाले काऊन नाकारलं देवानं?”

लोक हसले. महाराज डबा आवरू लागले.

हर्षानं मग समजावलं. या खड्यांना झिओलाइट म्हणतात, कारखान्यात हवा कोरडी करायला ते वापरतात. त्यांत डोळ्यांना न दिसणारी, एकमेकांत उघडणारी बारीक भोकं असतात. पाण्याचे कण चिमुकले. ते त्यांतून सरकत आत जातात, भिंतींना चिकटतात, आणि चिकटताना उष्णता सुटते. तेलाचे कण मोठे, ते दारातच अडतात. खुराड्याच्या फटीत कोंबडीच अडकून बसली तर पिल्लं आत कशी जाणार? खडे पाण्यानं किंवा हवेतल्या ओलाव्यानं भरले की तापत नाहीत. तव्यावर भाजले की पाणी उडतं, खडे पुन्हा तयार. महाराजांचं तप ते एवढंच.

गिरजाबाईनं खुशबूच्या मुठीतल्या खड्यांना बोट लावून पाहिलं. मग हळूच म्हणाली, “म्हंजे माह्या नातीवर देव रुसला नोयता?”

“नाई बाई. तेल आडवं आलं, बस,” हर्षा म्हणाली.

बाईनं पदराची गाठ सोडून खुशबूची भीतीपोटी न दिलेली गोळी काढली आणि माझ्याकडं पेलाभर पाणी मागितलं.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: माझ्या हातानं, माझ्या पाण्यानं पुन्हा करून दाखव. आणि औषध बंद कर म्हणणाऱ्यापुढून सरळ उठा. मी चहाच्या पायी आठ दिवस गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं दुखणं माझ्या नाही, खुशबूच्या हाडांनी सोसलं.