धरून ठेवलेला सूर

पहिल्याच तासाला नव्या बाईच्या लक्षात आलं, की या वर्गात एकही सूर पुरता वाजत नाही. आठ-नऊ वर्षांची बारा पोरं. एकेक जण येऊन पियानोच्या स्टुलावर बसायचा, पट्टी दाबायचा आणि दाबली न दाबली तोच हात छातीशी ओढून घ्यायचा. टक्, टक्, टक्. तापल्या तव्याला बोट लागावं तसं.

कारण शोधायला लांब जायला नको होतं, ते शेजारच्या खुर्चीतच बसलं होतं. जुने सर. निवृत्तीला सहा दिवस उरलेले आणि मांडीवर हातभर लांबीचा लाकडी रूळ. चूक झाली की तो बोटांच्या सांध्यांवर बसायचा. पोरंही काही कमी नव्हती. रूळ खाली यायच्या आत हात पळवायला शिकली होती. एवढीच विद्या त्या खोलीत तीस वर्षं शिकवली गेली होती.

"बघा बाई, कशी चपळ झालीत," सर कौतुकानं म्हणाले. "मार खाल्ल्याशिवाय बोटांना अक्कल येत नाही."

"तुमच्या बोटांना कोणी शिकवली?" तिनं विचारलं. सर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मुख्याध्यापिकांनी फर्मानच काढलं होतं. आठवडाभर दोघांनी मिळून शिकवायचं, शनिवारी त्या स्वतः येऊन मुलांचं ऐकणार आणि मग या बाईला ठेवायचं की नाही ते ठरवणार. नोकरीची गरज तिला होतीच, पण तिची खरी भीती वेगळी होती. तिचे वडीलही पियानो शिकवायचे. ते रूळबीळ वापरत नसत. चूक झाली की झाकणच आपटायचे, बोटं आत असताना. सातव्या वर्षी तिची डावी करंगळी मोडली, तेव्हा आईनं स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "आता काय चुकली?" वडील गेले त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तिनं फक्त ठरवलं, की आपल्या हाताला कुठलंही पोर घाबरणार नाही. एक वेळ नोकरी गेली तरी चालेल, पण हे नाही.

सर रोज मधल्या वेळी चहाला जायचे आणि चहा प्यायला अर्धा तास लावायचे. तेवढा वेळ तिचा. तिनं पिटुकलीला धरलं. पिटुकली वर्गात सगळ्यांत लहान, पाय पेडलपर्यंत पोचायचे नाहीत. बोटांचे सांधे हिरवे-निळे, एक नख काळं पडलेलं.

"दाब. आता सोडू नकोस. सूर आपला आपण विझेपर्यंत बोट तिथंच ठेवायचं."

"मग मार बसतो."

"नाही बसणार. मी आहे ना. काही झालं तरी सोडायचं नाही."

सोमवारी पिटुकलीनं दोन मोजेपर्यंत सूर धरला. मंगळवारी चार. गुरुवारी तिनं पट्टी दाबली आणि बोट हललंच नाही. सूर खोलीभर पसरला, हळूहळू बारीक होत गेला. मागच्या बाकावरचा, सगळे ज्याला बटाटा म्हणायचे तो पोरगा मोठ्यानं मोजत होता. "नऊ! दहा! अकरा!" पोरं पहिल्यांदा खिदळली. बाईचा ऊर भरून आला.

दार उघडलं. सर चहा संपवून आले होते.

"हा काय तमाशा चाललाय? तो सूर एका मात्रेचा आहे!"

रूळ खाली आला. बारापैकी अकरा पोरांनी हात मागे घेतले, जे पियानोपाशी नव्हते त्यांनीसुद्धा. पिटुकलीनं घेतला नाही. बाईंनी सांगितलं होतं ना, काही झालं तरी सोडायचं नाही. रूळ पुन्हा उठला, पुन्हा बसला आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तरी बोट पट्टीवरच.

पुढचं बाईनं ठरवून केलं नाही. रूळ तिच्या हातात आला आणि पहिला फटका सरांच्या मनगटावर बसला. ते ओरडले. दुसरा कानावर. ते खुर्चीसकट आडवे झाले, तोंड झाकायला हात वर केले, तर तिनं ते हातच फोडले. एकेक सांधा, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, मग दुसरा हात. "बाई, बाई, म्हातारा माणूस आहे मी," ते म्हणत होते. तिला ऐकू येत होतं आणि खोटं कशाला बोला, तिला बरंही वाटत होतं. एवढं बरं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. रुळाचं टोक तुटून भिंतीशी उडालं, तेव्हा ती थांबली. सर कोपरांवर सरपटत दाराबाहेर गेले. त्यांच्यामागे फरशीवर रक्ताचा पट्टा उमटला होता.

बाहेर कोणीतरी शिपायाला हाका मारत होतं. तिनं श्वास घेतला आणि वळली. आता संपलं, तिला सांगायचं होतं, आता तुम्हाला कोणी मारणार नाही.

अकरा पोरं भिंतीला चिकटून उभी होती. बटाट्याची चड्डी ओली झाली होती. ती एक पाऊल पुढे गेली तशी सगळी एक पाऊल सरकली. कोणीही दाराकडे बघत नव्हतं. सगळ्यांची नजर तिच्या हातातल्या रुळावर होती.

पिटुकली तेवढी स्टुलावरच होती. बोट वाकडं होऊन सुजलं होतं आणि अजून त्याच पट्टीवर दाबलेलं होतं. सूर केव्हाच विझला होता.

"पिटुकले," तिनं हात पुढे केला, "बघू गं तुझं बोट."

पिटुकलीनं डोळे गच्च मिटले.

"मी नाही सोडलं, बाई," ती घाईघाईनं म्हणाली. "बघा ना. मी अजून नाही सोडलं."