मी फक्त ‘जमा’ एवढेच सांगितले

मी एक जुना बटनांचा मोबाईल आहे, मित्रांनो. माझे पाठीचे झाकण रबराने बांधलेले आहे आणि पाचचा आकडा पार पुसला आहे. कोणत्या कारखान्यात मला जुळवले ते आठवत नाही. आठवते ते उदगीरचे दुकान. तिथून सिंधुबाईंनी मला घेतले. त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. त्यांचे दोन महिन्यांचे मानधन माझ्यात गेले.

ते माझे चांगले दिवस होते. खिचडी ढवळताना त्या मला मान वाकडी करून कानाशी धरायच्या. त्यांच्या हळदीचा डाग माझ्या बटनांत अजून आहे. “आठ-आठ दिवस चार्जिंग मागत न्हाई बघा,” असे त्या शेजारणीला सांगायच्या. बँकेत, शाळेत, लेकीच्या अर्जात, सगळीकडे त्यांनी माझाच नंबर दिला होता.

त्यांचे माहेर जळकोटकडचे. वडील वारल्यावर धाकट्या भावाचा, संगप्पाचा, फोन आला. आपल्याकडे बहिणी हक्कसोड लिहून देतात. म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडतात आणि भाऊ साडीचोळी करतो. संगप्पाला तेच हवे होते.

“अक्का, सहीला येऊन जा. भारीतली पैठणी घेतो तुला.”

“पैठणी नेसून खिचडी ढवळू का? माझा हिस्सा दे. शिवांगीला शिकवायचंय.”

“गाव काय म्हणंल?”

“गाव तिची फी भरणार हाय का?”

पुढे दोन वर्षे संगप्पाने फोन केला नाही. पण जमीन विकली तेव्हा बहिणीचा हिस्सा त्याने पुरा दिला, हेही सांगायला हवे.

पैसे आले तेव्हा सिंधुबाई लातूरच्या दवाखान्यात होत्या. कावीळ वाढून लिव्हर निकामी होत चालले होते. जानेवारीतल्या एका दुपारी मी उशाशी थरथरलो. खात्यात नऊ लाख रुपये जमा. त्यांनी ते दोनदा वाचले आणि नवऱ्याला म्हणाल्या, “झाली पोरीची सोय.” त्याच पैशावर तीन आठवडे औषधपाणी चालले. फेब्रुवारीत त्या गेल्या. तोवर पैसेही संपले होते.

त्यांचे मालक शेषेराव मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी आहेत. व्यापाऱ्यांचे धान्य तोलतात. ते मला रोज चार्जिंगला लावू लागले. लेकीच्या अर्जाचे सगळे ओटीपी माझ्यावरच यायचे.

जूनमध्ये शिवांगीला नांदेडच्या एका फार्मसी कॉलेजात जागा मिळाली. फीची सवलत हवी तर उत्पन्नाचा दाखला लागतो. घरचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत पाहिजे. शेषेरावांचे ते जेमतेम दीड लाख भरते. काळजीचे काही कारण नव्हते.

तलाठी पंचाक्षरी साहेबांनी विचारले, “मागच्या वर्षी, म्हणजे मार्चअखेर, घरात किती आले?”

मापाड्याची सवय वाईट, मित्रांनो. काट्यावर दिसेल ते बोलायचे, कमी नाही की जास्त नाही. शेषेरावांनी मजुरी सांगितली. मग मला खिशातून काढले, तो जुना मेसेज उघडला आणि साहेबांपुढे धरला. “अन् हे बी आलते.”

माझ्या पडद्यावर रक्कम होती, तारीख होती, ‘जमा’ हा शब्द होता. कुणाचा बाप वारला, कुणाची जमीन विकली, पैसे कशात गेले, यातले काहीच नव्हते. साहेबांनी मजुरीत नऊ लाख मिळवले आणि अहवाल वर पाठवला.

दाखला हातात आला तेव्हा सेतू केंद्रातल्या कलीमने कपाळावर हात मारला. “मामा, मोबाईल दाखवायला कुणी सांगितलं होतं? हे साडेदहा लाख झाले.”

“खोटं बोलू का मग?”

“खोटं नको हो. पण वारसाहक्काचे म्हणून तरी सांगायचं.”

दवाखान्याच्या बिलांची पिशवी घेऊन शिवांगी बापासोबत तलाठ्यांकडे गेली. साहेब म्हणाले, “गेले किती ते आम्ही धरत न्हाई. आले किती तेवढंच.”

“आईच्या बापाचे होते ते साहेब. ती काय दरवर्षी मिळवत होती का?” शिवांगी म्हणाली.

“तसा कागद आण.”

कागद म्हणजे जमीन विकल्याच्या खरेदीखताची नक्कल. ती संगप्पाकडे होती. शेषेरावांनी माझ्यावरून त्याला फोन लावला. दोनदा नुसती रिंग गेली. तिसऱ्यांदा त्याने उचलला.

“संगप्पा, मी शेषेराव.”

“दाजी, ह्या नंबरवरून नका करत जाऊ. अक्काचं नाव दिसतंय. हात चालंना उचलायला.”

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एसटीने नक्कल घेऊन आला. त्यावर सिंधुबाईंची आजारपणाआधीची सही होती. तहसीलमध्ये नायब तहसीलदार साहेबांनी ती पाच मिनिटे वाचली आणि म्हणाले, “हे वर्षाचे उत्पन्न नाही. दुरुस्त करून द्या.” पाच मिनिटांचे काम होते. पण कधी सर्व्हर बंद, कधी सही करणारे बैठकीला. दहाव्या दिवशी दीड लाखाचा दाखला निघाला. सवलतीच्या अर्जाला दाखला जोडायची मुदत आठव्या दिवशीच संपली होती. अर्ज नामंजूर झाल्याचा मेसेज माझ्यावरच आला. तोही मलाच दाखवावा लागला. माझा असा राग मला कधी आला नव्हता.

शिवांगीने जागा सोडली नाही. पूर्ण फी, दोन हप्त्यांत. शेषेराव आता मोंढा सुटल्यावर दाल मिलमध्ये पोती शिवतात. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा आहे.

ती नांदेडला निघाली त्या दिवशी संगप्पा स्टँडवर आला होता. गाडी हलल्यावर तो म्हणाला, “दाजी, अक्कानं तेव्हा हक्कसोड दिली असती तर आज सवलत मिळाली असती.”

शेषेराव जाणाऱ्या गाडीकडे बघत होते. “तिनं हक्कसोडीवर सही केली असती तर दवाखान्याच्या दारातूनच परत आलो असतो आम्ही. तीन आठवडे जास्त जगली ती. सवलतीचं काय घेऊन बसलास.”

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले काही जण टेबलाच्या पलीकडे बसाल. कुणी माझ्यासारखा मोबाईल पुढे धरला तर रक्कम लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा की हे पैसे कुणाचे होते. तो सांगेल. शेषेराव सांगायला तयार होते. त्यांना कुणी विचारले नाही.