हिरवी तार

सासऱ्यांनी हयातभर मनगटी घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केल्यावर रिकामं बसणं काही त्यांना जमेना, म्हणून त्यांनी रेकॉर्डप्लेअरसाठी घरीच प्रीॲम्प बांधायला घेतला. सुईतून निघणारा आवाज इतका नाजूक असतो, की ॲम्प्लिफायरकडे पाठवण्याआधी त्याला जरा बाळसं यावं लागतं. ते काम या पेटीचं. सर्किट झकास जमलं. घोडं अडलं ते पॉवर सप्लायपाशी. भिंतीतली वीज उतरवून, गाळून, शांत करून सर्किटला द्यायची, तर ती शांत व्हायचं नावच घेईना. रेकॉर्ड लावली की गाण्यामागे एक जाड ‘घूं’ चिकटलेला असायचा.

त्यांनी ट्रान्सफॉर्मर बदलला, मोठे कपॅसिटर घातले, जेवताजेवता टेबलावर बोटाने आकृत्या काढल्या. सासूबाई म्हणायच्या, आपल्या घरात आता पाचवं माणूस आलंय आणि ते नुसतं हुंकार देतंय.

मग एका सुटीच्या सकाळी तो घूं गेला. सासऱ्यांनी घरातल्या सगळ्यांना बोलावून ओळीने बसवलं, गाणं ऐकवलं. कसं केलंत, असं सुनेने विचारलं तर ते नुसतेच हसले. तिलाही बरं वाटलं. ती लिफ्टची मेकॅनिक. एखादा बिघाड सापडत नाही तेव्हा जिवाला कसा घोर लागतो, ते तिला पुरतं ठाऊक होतं.

पुढच्याच आठवड्यात टेबलावरची धूळ पुसताना तिच्या बोटांची मागची बाजू पेटीच्या पत्र्याला लागली आणि मुंग्या आल्यासारखं झालं. ॲम्प्लिफायरकडे जाणारी वायर काढलेली होती, पेटी मात्र चालू. तिच्या धंद्यात अशा मुंग्यांकडे काणाडोळा करत नाहीत. तिने प्लग उपसला आणि झाकण उघडलं. अर्थिंगची हिरवी तार कापलेली होती. तीसुद्धा कशी, टोक सुबक गुंडाळून, कुठे लागू नये म्हणून बाजूला बांधून. हे काम कुणाचं, ते विचारायची गरजच नव्हती.

तरी तिने विचारलं. सासऱ्यांनी चष्मा पुसत सांगितलं, की घूं त्या तारेतूनच येत होता. ॲम्प्लिफायरलाही अर्थिंग, पेटीलाही अर्थिंग. दोघांमधून एक फेरा तयार होतो आणि त्यात वीज घुमत राहते. म्हणून एक वाट बंद केली.

“आणि आतली एखादी तार सुटून पत्र्याला लागली तर, बाबा?”

“ॲम्प्लिफायरची वायर जोडलेली असते की. तिच्यातून अर्थिंग मिळतंच.”

“ती वायर गाण्यासाठी आहे. जीव वाचवायला नाही.”

सासऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणाले, “म्हणजे मला काही कळत नाही, असंच ना?” ती काही बोलायच्या आत त्यांनी पेटी फडक्यात गुंडाळली आणि कपाटावर टाकली.

त्यानंतर घरात अबोला आला. सासरे जेवायला यायचे, ताट पुढे ओढायचे, उठून जायचे. सुनेच्या नवऱ्याने मध्ये पडून पाहिलं, तर दोन्हीकडून त्याला गप्प बसवलं गेलं. सुनेलाही मन खात होतं. तार जोडायलाच हवी, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. पण ज्या शांततेसाठी त्यांनी एवढा जीव आटवला, ती आपण हिसकावून घेतली, हेही तितकंच खरं होतं. नुसतं नाही म्हणून उठून जाणं तिला बरं वाटेना.

तिने पेटी खाली काढली. हिरवी तार पत्र्याला घट्ट जोडली, ती कायमचीच. सर्किटचं ग्राउंड, म्हणजे आतल्या परतीच्या तारांचा जोड, मात्र पत्र्यापासून सोडवून एकाच जागी आणलं आणि तिथून एका छोट्या रेझिस्टरमधून पत्र्याला टेकवलं. सुरक्षेची वाट मोकळी राहिली आणि फेऱ्यात घुमणारी वीज दबली. घूं बराच कमी झाला, पण गेला नाही. सप्लायमधला रेक्टिफायर, रेग्युलेटर, सगळं तपासलं. ते बिनचूक होतं. मग मात्र तिची मती गुंग झाली.

“ट्रान्सफॉर्मर सुईच्या इनपुटला खेटून बसलाय, त्याचा घूं तिथूनच आत शिरतोय,” मागून आवाज आला. सासरे दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे. “माझीच हौस. सगळं एका पेटीत मावायला हवं होतं मला.”

तिने ट्रान्सफॉर्मर सोडवून लांबच्या कोपऱ्यात नेला. सासऱ्यांनी हेडफोन कानांना लावून डोळे मिटले. लाकडी पट्टीने ती तो गोल ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी हळूहळू फिरवू लागली. कोन बदलला की घूं कमीजास्त व्हायचा, पण इतका थोडा, की तिला फरकच कळेना. सासरे मात्र बोटाने खुणा करत होते: अजून, अजून, मागे घे, किंचित पुढे. मग त्यांचं बोट थांबलं.

“बंद केलंस का?”

“नाही, चालूच आहे.”

त्यांनी डोळे उघडून पेटीवरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. तिने प्लग काढला आणि ट्रान्सफॉर्मर आहे त्या कोनात आवळला. शेवटचे सांधे तिने सोल्डर केले. कुठे, किती, ते त्यांनी सांगितलं आणि तिने निमूट ऐकलं.

संध्याकाळी रेकॉर्ड लागली. पहिल्या ओळीआधी गाणाऱ्या बाईने घेतलेला श्वास खोलीत स्पष्ट उमटला. सासूबाई हातातलं विणकाम थांबवून म्हणाल्या, “कोण आलं?” आणि आपणच हसल्या.

गाणं संपल्यावर सासऱ्यांनी सुई उचलली. सुनेकडे न बघता, जरा अडखळत त्यांनी विचारलं, “लिफ्टमधलं बेअरिंग बिघडतं, ते तुम्हाला आधी ऐकूनच कळतं का गं?”

इतक्या वर्षांत तिच्या कामाबद्दल त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. ती खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली.