टॅबवर 'चाचणी' लिहिलं होतं

साडूला कंपनीत मीच चिकटवला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, घरी बसला होता, म्हणून साहेबांकडे शब्द टाकला. दीड वर्षात तो माझ्याच उरावर बसला.

आमचं काम सर्व्हर सांभाळायचं. प्रत्येकाच्या स्क्रीनवर आज्ञा टाइप करायच्या काळ्या टर्मिनलचे दहा-बारा टॅब, सगळ्यांवर त्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामचं एकच नाव: बॅश, बॅश, बॅश. कोणता टॅब कोणत्या सर्व्हर-मशीनचा, हे मी अठरा वर्षं डोक्यात ठेवलं. साडूने शेलच्या, म्हणजे त्याच बॅशच्या, सेटिंगच्या फाइलीत चार ओळी लिहिल्या आणि मशीनला जोडलं की टॅबवर त्या मशीनचं नाव यायला लागलं. मग एडिटरलाही शिकवलं: फाइल उघडली की टॅबवर ती फाइल आणि ती ज्या मशीनवर आहे त्याचं नाव.

"डोकं आहे हो याला," साहेब म्हणाले. माझ्या डोक्याबद्दल अठरा वर्षांत कोणी ब्र काढला नव्हता. आणि टीमचा प्रमुख शुक्रवारी ठरणार होता.

त्याच्या ओळी मी गुपचूप वाचल्या, खोट काढायलाच. सापडली. एडिटर बंद केला तरी एडिटरने लिहिलेलं नाव टॅबवर तसंच राहायचं; टॅब एका मशीनचा, नाव दुसऱ्याचं. मी मूग गिळून बसलो.

गुरुवारी दुपारी त्याच्या खुर्चीमागे उभा होतो. खरा डेटा असलेल्या मुख्य मशीनच्या टॅबमधूनच त्याने चाचणीच्या मशीनवरची फाइल उघडली, बघितली, बंद केली. टॅबवर 'चाचणी' तसंच.

"चाचणीवरचा जुना डेटा उडवतो, मग चहाला जाऊ, साडूभाऊ."

"उडव की."

उडवला. मुख्य मशीनवरचा. बॅकअपवरून सगळं परत आणेपर्यंत संध्याकाळ झाली. साडू स्वतःहून साहेबांकडे गेला. "चूक माझी. टॅब बघितला, मशीन नाही बघितलं."

शुक्रवारी प्रमुख मी झालो. साहेबांनी पहिलं काम दिलं: साडूने ओळी दुरुस्त केल्यात, त्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर टाका. माझ्याच हातांनी टाकल्या.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काल तुम्ही त्याच्या मागेच होतात म्हणे?"

"होतो."

"दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"त्याचं कौतुक ऐकून कान किटले होते."

तिने घडी अर्धी टाकली, बहिणीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "हे तिला तुम्हीच सांगा."

फोन साडूनेच उचलला. "अभिनंदन, साडूभाऊ," म्हणाला. अगदी मनापासून. त्याच्या जागी मला तेही जमलं नसतं.